अतिउत्तरेतला जीवाश्मांचा उन्हाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, एल्समिअर बेटावर जीवाश्म शोधायला जाणाऱ्या एका छोट्या तुकडीबरोबर मी उन्हाळ्यात काम करते. त्यावरून येणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. विद्यार्थी परवान्यांबद्दल विचारतात, त्यांचे आईवडील अस्वलांबद्दल आणि आज्ज्या जेवणाबद्दल. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. एल्समिअर नेमकं कुठे आहे? आणि बर्फाच्या बेटावर जीवाश्म कसे काय?

नकाशात ग्रीनलंडच्या वायव्य टोकाला जवळजवळ चिकटलेलं दिसतं ते एल्समिअर. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दोन-तृतीयांश, आणि कायम वस्तीचं गाव एकच, ग्रीस फियॉर्ड. तिथली लोकसंख्या दीडशेच्या आसपास.

बेटाचा मोठा भाग हिमनद्यांखाली आहे, पण सगळा नाही. दक्षिणेकडच्या दऱ्यांमध्ये उन्हाळ्यात उघडा खडक दिसतो. झाडं नाहीत, माती जवळजवळ नाही, गवत तुरळक. आर्क्टिक विलो हे इथलं ‘झाड’ घोट्याच्याही वर येत नाही. आपल्याकडे सह्याद्रीत खडक पाहायचा तर आधी झुडपं बाजूला करावी लागतात. इथे डोंगराचे थर मैलभर अंतरावरूनही मोजता येतात.

शिवाय हे खडक तयार झाले तेव्हा ही जमीन इथे नव्हतीच. सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, ती विषुववृत्ताजवळ होती. उबदार हवेत संथ वाहणाऱ्या नद्या, त्यांच्या गाळात पुरले गेलेले मासे. तोच गाळ आज फ्रॅम फॉर्मेशन या नावाने ओळखला जातो.

2. टिक्टालिक सापडला तो इथेच ना?

हो, मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्यामधला दुवा मानला जाणारा हा जीवाश्म बेटाच्या दक्षिण भागात, बर्ड फियॉर्डजवळ सापडला. नील शुबिन, टेड डेशलर आणि फॅरिश जेंकिन्स या जीवाश्मशास्त्रज्ञांची तुकडी 1999 मध्ये आधी पश्चिमेकडच्या मेलव्हिल बेटावर गेली होती. तिथले खडक खोल समुद्रातले निघाले, म्हणजे त्यांना हवा होता तो नदीकाठ नव्हे. 2000 मध्ये ते एल्समिअरला आले. त्या हंगामात जेसन डाऊन्स या विद्यार्थ्याला हाडांच्या तुकड्यांनी भरलेली एक जागा दिसली. 2004 मध्ये त्याच जागी स्टीव्हन गेट्सी यांना कड्यातून बाहेर डोकावणारं एका सपाट डोक्याचं नाकाड दिसलं. शोधनिबंध एप्रिल 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

माशासारखे खवले, कल्ले आणि पर, पण मान मोकळी आणि परांच्या आत मनगटाशी नातं सांगणारी हाडं, असा हा प्राणी. बातम्यांमध्ये तो ‘सापडला’ एवढंच येतं. पहिल्या मोहिमेपासून त्या नाकाडापर्यंत पाच वर्षं गेली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आमचं रोजचं आयुष्य त्या पाच वर्षांसारखं असतं, त्या एका दिवसासारखं नाही (पाहा प्रश्न 15).

3. हंगाम एवढा छोटा का? मे महिन्यात गेलात तर जास्त वेळ मिळेल.

मे महिन्यात खडकावर बर्फ असतो, त्यामुळे पाहायला काहीच नसतं. जूनच्या शेवटी बर्फ वितळतो आणि ऑगस्टच्या मध्यापासून पुन्हा पडायला लागतो. मधले पाच-सहा आठवडे आपले. त्यातही जुलैत हिमवृष्टी होते, आणि मग तंबूत बसून थर पुन्हा उघडे पडायची वाट पाहायची.

4. तिथे पोहोचता कसे? बोट असते का?

बोट नाही, विमान. ओटावाहून इकालुइट, तिथून रेझोल्यूट. रेझोल्यूट हे कॉर्नवॉलिस बेटावरचं छोटं गाव. कॅनडा सरकारच्या पोलर कॉन्टिनेंटल शेल्फ प्रोग्रॅमचा तळ तिथे आहे, आणि उत्तरेतली बहुतेक संशोधनकामं तिथूनच हलतात. पुढे ट्विन ऑटर हे दोन इंजिनांचं छोटं विमान. त्याला जाड, फुगीर टायर लावलेले असतात आणि ते नदीकाठच्या खड्यांच्या पट्टीवरही उतरतं. पट्टी नसेल तिथे हेलिकॉप्टर.

हे सगळं हवामान परवानगी देईल तेव्हा. रेझोल्यूटचं धुकं कुप्रसिद्ध आहे. ‘मंगळवारी सकाळी निघू’ याचा अर्थ मंगळवार ते शनिवार कधीही. नव्या मुलांचा पहिला धीर इथेच सुटतो. पत्ते आणि जाड पुस्तक हातातल्या सामानात ठेवा.

5. सोबत काय न्यायचं? यादी द्या.

यादी तुमचा तुकडीप्रमुख देईल. मी फक्त तत्त्व सांगते : प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर चढते. विमानाचा तास महाग आणि क्षमता मर्यादित. तंबू, शिधा, इंधन, प्लास्टर, बंदुका, रेडिओ आणि माणसं एकाच हिशोबात बसवायची असतात. तुमच्या अंगावरचे बूटही त्यात मोजले जातात.

कपड्यांबद्दल एवढंच. सुती काहीही नको, ते ओलं झालं की सुकत नाही. लोकरीचे किंवा सिंथेटिक थर, वारा अडवणारं जॅकेट, रबरी गमबूट आणि मोज्यांचे भरपूर जोड. जुलैतलं सरासरी तापमान चार-पाच अंशांच्या घरात असतं. ऐकायला ते सोसण्यासारखं वाटतं, पण वारा त्याचं काय करतो ते आकड्यात कळत नाही.

6. दिवसभर नक्की काय करता? सारखं खोदता का?

खोदणं हा कामाचा सगळ्यात छोटा भाग. मोठा भाग म्हणजे मान खाली घालून चालणं.

सकाळी रेडिओवर रेझोल्यूटशी बोलणं (पाहा प्रश्न 12), नाश्ता, थर्मास भरणं, आणि मग जोड्या करून निघणं. एकट्याने कोणी जात नाही. नकाशावर ठरवलेल्या थराच्या कडेकडेने चालायचं आणि उतारावर पडलेला प्रत्येक वेगळा रंग वाकून पाहायचा. हाडाचा पोत खडकापेक्षा वेगळा असतो. खवल्यांना किंचित चमक असते. पहिला आठवडाभर नवख्या माणसाला काहीच दिसत नाही आणि शेजारचा मात्र तुकड्यांमागून तुकडे उचलत असतो. मग एके दिवशी अचानक दिसायला लागतं. हे शिकवता येत नाही, फक्त पुरेसं चालवता येतं.

उतारावर तुकडे सापडले की प्रश्न येतो, ते आले कुठून? मग त्यांचा माग काढत वर चढायचं. तुकडे ज्या उंचीवर संपतात तिथे तो थर असतो. तिथे गुडघे टेकून ब्रश आणि सुई घ्यायची. या भागात जमीन खाली कायम गोठलेली असते. वरचा थर दरवर्षी गोठतो-वितळतो आणि त्यामुळे खडकाचा भुगा होतो. यात फायदा असा की दर हिवाळा नवी हाडं वर आणतो. तोटा असा की ती वर आली की त्यांचाही भुगा व्हायला लागतो.

संध्याकाळी वह्या. कुठल्या थरात, किती उंचीवर, कोणत्या दिशेला काय सापडलं ते त्याच दिवशी लिहायचं. ठिकाणाची नोंद नसलेलं हाड कितीही देखणं असलं तरी त्याला फारसा अर्थ उरत नाही.

7. सूर्य मावळतच नाही म्हणता, मग झोपता कसे?

रेझोल्यूटलाच एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही, आणि आम्ही त्याच्याही उत्तरेला असतो. डोळ्यांवर पट्टी आणि घड्याळाची शिस्त, बाकी उपाय नाही. शिस्त सुटली तर अख्खी तुकडी हळूहळू घसरत दुपारी दोनला उठायला लागते. तसं मुद्दामही करता येतं. दिवसा वारा जास्त असेल तर ‘रात्री’ काम करायचं. मध्यरात्रीचा सूर्य तिरपा असतो आणि त्याच्या उजेडात खवल्यांची चमक उठून दिसते.

8. मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी मरेन का?

नाही. शाकाहारी शिधा उलट सोपा, कारण डाळ, तांदूळ, ओट्स आणि सुका भाजीपाला हलका असतो आणि टिकतो. बाकीचे लोक चीज, शेंगदाण्याचं लोणी आणि चॉकलेटवर दिवस काढतात, त्यात तुमचाही वाटा असतोच. थंडीत शरीर स्निग्ध पदार्थ मागतं. घरी तुपाचा चमचा नाकारणारी मुलं इथे वाटीने मागतात.

मी नेते ते सांगते : मुगाची डाळ, मेतकूट, गोडा मसाला, सुकवलेला कांदा, शेंगदाण्याची चिक्की, तूप. खिचडी तर पूर्ण तुकडीचं आवडतं जेवण झालं आहे. स्वयंपाक समुद्रसपाटीजवळच होतो, त्यामुळे हिमालयातल्यासारखी डाळ कच्ची राहत नाही. तरी डाळ भिजवून ठेवा, इंधन वाचतं. लाकूड कुठेच नाही, सगळं स्टोव्हवर. पाणी वितळलेल्या ओढ्याचं. शीतपेटी लागत नाही, जमिनीत हातभर खड्डा केला की पुरे.

हिंगाची डबी मात्र तीन पिशव्यांत बांधा. कारण प्रश्न 11 मध्ये आहे.

9. एकादशी, संकष्टी, रोजा तिथे कसा पाळायचा?

आषाढी एकादशी बहुतेक वर्षी हंगामातच येते. पंचांग घरचं धरा. साबुदाणा हलका असतो, घेऊन या. पण त्या दिवशी लांबच्या चालीवर जाऊ नका आणि तुकडीप्रमुखाला आधी सांगा. उपाशी माणूस थंडीत लवकर गारठतो, आणि तो एकट्याचा प्रश्न राहत नाही.

संकष्टीची गंमत वेगळी. ध्रुवाजवळच्या उन्हाळ्यात सूर्य सतत वर असतो आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोबर समोर, म्हणजे क्षितिजाखाली. त्यामुळे पौर्णिमेच्या आसपास चंद्र कित्येक दिवस उगवतच नाही. चतुर्थीपर्यंत तो क्षितिज खरवडून गेला तर गेला, आणि तेव्हाही समोर डोंगर असतो. चंद्रोदयाला सोडायचा म्हटलं तर उपास आठवडाभर चालेल! घरच्या गावाची चंद्रोदयाची वेळ धरणं हाच मार्ग.

रोज्याचंही तसंच. जिथे सूर्यास्तच नाही तिथे मक्केची किंवा दक्षिणेकडच्या एखाद्या शहराची वेळ धरतात. आपल्या जाणत्या माणसाला विचारून निघण्याआधीच ठरवा.

10. आंघोळ आणि संडासचं काय? मुलींना अडचण येते का?

आंघोळ म्हणजे गरम पाण्याचं एक भांडं आणि ओला टॉवेल, तेही वारा पडलेल्या दिवशी. सगळ्यांचा सारखाच वास येतो, त्यामुळे कोणाला येत नाही.

संडासासाठी तंबूंपासून दूर, ओढ्याच्या पाण्यापासून दूर एक जागा ठरलेली असते. या थंडीत काहीही लवकर कुजत नाही. आज टाकलेली वस्तू दशकांनंतरही तशीच दिसेल. म्हणून जे उचलून नेता येतं ते विमानातून परत नेलं जातं.

पाळीसाठी कप सोयीचा पडतो, वजन आणि कचरा दोन्ही वाचतात. पॅड वापरणार असाल तर ते घट्ट बंद पिशवीत, तंबूत न ठेवता बाकी कचऱ्याबरोबर. मुली म्हणून वेगळी अडचण म्हणाल तर ती तिथे कमी आणि निघण्याआधी नातेवाइकांकडून जास्त.

11. ध्रुवीय अस्वलं खरंच येतात का?

येऊ शकतात. आम्ही किनाऱ्यापासून आत असतो, त्यामुळे रोज दिसत नाहीत, पण एका फियॉर्डमधून (डोंगरांत शिरलेल्या खाडीतून) दुसऱ्याकडे जाताना ती दऱ्यांमधून जातात. म्हणून स्वयंपाकाचा तंबू झोपायच्या तंबूंपासून लांब, वास बाहेर येऊ नये म्हणून अन्न घट्ट डब्यांत, उशाशी बिस्किटसुद्धा नाही. छावणीभोवती तार, तिला धक्का लागला की धमाका. प्रत्येक जोडीबरोबर आवाजाचे बार आणि एक बंदूक. बंदूक वापरणाऱ्याकडे प्रशिक्षण आणि परवाना दोन्ही लागतं. अस्वलाला हाकलणं हा उद्देश, मारणं हा शेवटचा आणि सर्वांना लाज आणणारा पर्याय.

प्रत्यक्षात गाठ पडते ती ससे, मस्क ऑक्स आणि लांडग्यांशी. इथले पांढरे लांडगे माणसाला फारसे बुजत नाहीत, जवळ येऊन बसून पाहतात. खाऊ घालू नका. कोल्ह्यांपासून दूर राहा, त्यांच्यात रेबीज असतो.

12. मुलगी महिनाभर फोनच करणार नाही का? आजारी पडली तर?

मोबाइलला रेंज नाही. उपग्रह फोन असतो, पण इथे फक्त इरिडियमसारख्या कंपनीचाच फोन चालतो, कारण तिचे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. विषुववृत्तावर स्थिर असणारे उपग्रह इथून क्षितिजाला टेकलेले दिसतात आणि मध्ये डोंगर येतो. फोन कामासाठी, गप्पांसाठी नाही. आठवड्यातून एक छोटा निरोप धरून चाला.

सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी तळाशी बोलणं मात्र चुकत नाही. छावणीचा आवाज आला नाही तर तळावर शोधाशोध सुरू होते. आजारी माणसाला विमानाने नेता येतं, पण धुकं असेल तर दोन-तीन दिवस लागू शकतात. म्हणून निघण्याआधी दाताच्या डॉक्टरकडे जा. हृदय वगैरे सगळे तपासतात, दाढ कोणी तपासत नाही, आणि छावणी बंद पाडण्याची ताकद दाढेत जास्त असते.

13. होकायंत्र चालतं का तिथे?

जवळजवळ नाही. चुंबकीय ध्रुव इतका जवळ की सुईला ओढ खालच्या बाजूला, आडवी नाही. ती गोल फिरत राहते किंवा आळसावून पडते. जीपीएस, कागदी नकाशा आणि घड्याळासोबत सूर्याची दिशा यावर काम चालतं. थराचा कल मोजतानाही दिशा जीपीएसवरून घ्यावी लागते, हे भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

14. हाड सापडलं, मग ते दगडातून काढता कसं?

तिथे काढतच नाही. हाडाभोवतीचा दगड ठोकळ्यासारखा मोकळा करतात. भेगांमध्ये पातळ गोंद सोडतात. वर ओला पातळ कागद, मग मोडलेल्या हाताला घालतात तसं प्लास्टर, गोणपाटाच्या पट्ट्या बुडवून. वरची बाजू सुकली की खालून कापून ठोकळा उलटायचा. हा क्षण सगळ्यांचे श्वास अडकवतो, कारण आतला भुगा सुटला तर सगळं संपलं. मग दुसरी बाजू.

थंडीत प्लास्टर लवकर घट्ट होत नाही, म्हणून पाणी गरम करून घ्यावं लागतं, म्हणजे पुन्हा इंधनाचा हिशोब. तयार ठोकळे हेलिकॉप्टरखाली जाळ्यात लटकवून नेतात. खरं काढणं प्रयोगशाळेत, भिंगाखाली, सुईने, महिनोन्‌महिने. कधी वर्षानुवर्षंही. 2004 मध्येच गोळा केलेला एक जीवाश्म स्कॅन झाल्यावर वेगळाच प्राणी निघाला. त्याला किकिक्तानिया नाव मिळून तो प्रसिद्ध झाला 2022 मध्ये.

15. आणि काहीच सापडलं नाही तर?

बहुतेक दिवशी सापडत नाहीच. काही हंगामही तसेच जातात. पण ‘या थरात नाही’ ही नोंदही कामाची, त्यामुळे पुढच्या वेळी दुसरी दरी निवडता येते. ज्यांना रोज काहीतरी हाती लागलं पाहिजे त्यांनी हे क्षेत्र निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

16. आठवण म्हणून एखादा छोटा तुकडा आणता येईल का? माझा भाचा फार मागे लागलाय.

नाही. भाच्याला फोटो द्या. नुनावुतमध्ये परवान्याशिवाय जीवाश्म उचलणं बेकायदा आहे. फक्त पाहणी करायची तर एका प्रकारचा परवाना, खोदून न्यायचं तर दुसऱ्या. सापडलेलं सगळं नुनावुतच्या लोकांच्या मालकीचं, आम्ही ते अभ्यासापुरतं उसनं घेतो. टिक्टालिकचे मूळ नमुनेही अमेरिकेतला अभ्यास झाल्यावर कॅनडात परत गेले, आणि त्याचं नाव नुनावुतच्या ज्येष्ठांच्या मंडळाने सुचवलेलं आहे.

ही नियमांची कटकट नाही. रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्ड ही गावं 1950च्या दशकात वसली ती सरकारने इनुइट (उत्तरेतल्या मूळ रहिवासी) कुटुंबांना उत्तर क्वेबेकहून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आणून सोडल्यामुळे. शिकार भरपूर असेल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात वाट्याला आले काळोखी हिवाळे. सरकारने माफी मागितली 2010 मध्ये. अशा ठिकाणी बाहेरून आलेल्याने विचारल्याशिवाय दगडही खिशात घालू नये.

17. महाराष्ट्रात शिकणाऱ्या मुलाला असं काम मिळू शकेल का?

थेट मिळणं अवघड. तुकड्या सहा-आठ जणांच्या असतात आणि प्राध्यापक आपलेच विद्यार्थी नेतात. वाट म्हणजे भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्रातली पदवी, मग अशा मोहिमा करणाऱ्या गटात संशोधन.

तोवर इथली सवय करा. चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा डायनासोरांच्या हाडांसाठी आणि जीवाश्म झालेल्या शेणासाठी जगभर माहीत आहे. त्या शेणात भाताच्या नातलग गवताचे अंश सापडल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. विभागाच्या सहलीबरोबर जा, पाहायला शिका, उचलू नका. ध्रुवीय प्रदेशच पाहायचा असेल तर भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे आणि ते चालवणारी संस्था गोव्यात, वास्कोला. तिथलं काम मुख्यतः हवामान, हिमनद्या आणि समुद्राचं आहे, जीवाश्मांचं नाही, हे ध्यानात ठेवून अर्ज करा.

18. शेवटच्या दिवशी मोठं हाड सापडलं आणि विमानात जागा नसेल तर?

हे होतं, आणि सारखं होतं, कारण डोळा तयार होतो तेव्हा हंगाम संपत आलेला असतो. पहिला नियम : घाईने खोदायचं नाही. अर्धवट उघडलेल्या हाडात पाणी शिरून गोठलं तर हिवाळ्यात ते फुटणार. उघडं पडलेलं आधी गोंदाने पक्कं करायचं, प्लास्टरचा थर द्यायचा, वर मातीचा भराव, त्यावर दगड. जीपीएसचा आकडा दोन वेगवेगळ्या वह्यांत. फोटो जवळून आणि लांबून, कारण पुढच्या वर्षी उतार ओळखू येत नाही.

प्लास्टर घातलेला ठोकळा तयार असेल आणि वजनच आड येत असेल तर उरलेला शिधा, रिकामे डबे आणि वैयक्तिक सामान पुढच्या खेपेला ठेवतात आणि ठोकळा आधी जातो. पुढची खेप कधी, ते पुन्हा धुक्यावर (पाहा प्रश्न 4). तोपर्यंत त्या सामानाबरोबर दोघांना मागे थांबावं लागतं. त्या दोघांसाठी पाच दिवसांचा जादा शिधा सुरुवातीपासूनच बाजूला काढून ठेवलेला असतो.